कोरं लुगडं

बापूरावांच्या फोटोनं घराचं जे हसं केलं होतं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या सकाळी उसेंड्यांच्या घरात एकमत होतं. एरवी या घरात एकमत म्हणजे उंबराचं फूल.

बापूराव गेले तेव्हा त्यांचा फोटो म्हणून घरात फक्त मतदार कार्डावरचा सापडला होता. तो एका स्टुडिओत मोठा करायला दिला, तर त्या शहाण्यानं आपल्याच मनानं बापूरावांना निळा कोट आणि लाल टाय चढवून दिला. जन्मभर बंडी आणि पंचा यापलीकडं अंगाला काही न लागलेला माणूस तेव्हापासून भिंतीवर साहेब होऊन बसला होता. डोळे मात्र मतदार कार्डावरचेच, कोंबडी चोरताना सापडल्यासारखे. थोरली सून रंजीता रोज त्या फोटोसमोर उदबत्ती लावायची, आणि रोज तिला वाटायचं, आपण कोण्या परक्या तहसीलदाराला ओवाळतो आहोत.

"मले असं करू नोका," अन्नपूर्णाबाई नवऱ्याच्या फोटोकडं बोट करून म्हणायच्या. "माह्या फोटो जित्तेपनी काढा. मेल्यावर तुमी मले पोलिसाची टोपी बी घालसान."

म्हणून यंदा मोहफुलांच्या दिवसांत धाकटा अतुल धानोऱ्याला घरी आला तो सरफराजला सोबत घेऊनच. अतुल मोहर्लीला सफारीचा गाईड होता आणि सरफराज तिथंच पर्यटकांचे फोटो काढायचा. वाघाची वाट पाहून पाहून त्याला दम धरायची सवय लागली होती, आणि या घरात ती कामाला येणार होती.

"दोन कापी काढजो रे बाबू," म्हातारीनं त्याला चहाच्या आधीच सांगितलं. "एक भिंतीले अन् एक मले."

"तुले कायले पाह्यजे माय?" थोरला विनोद म्हणाला. "तू तं खुद हायेस ना घरात."

अंगणात वाळत घातलेली मोहफुलं म्हातारीनं खराट्यानं एका अंगाला लोटली, मधोमध खुर्ची मांडली आणि सुनांना हुकूम सोडला, "मी देल्लेलीच लुगडी नेसा दोघीजनी."

हे सांगायचीही गरज नव्हती. दोघींच्या पेटीत चांगलं म्हणण्यासारखं जे काही होतं ते सासूनंच दिलेलं. दरवर्षी महाशिवरात्रीला अन्नपूर्णाबाई मार्कंड्याच्या जत्रेला एकट्या जायच्या, आणि परतल्यावर एका वर्षी रंजीताच्या, तर दुसऱ्या वर्षी धाकट्या दुर्गाच्या हातात एक कोरी साडी ठेवायच्या. त्या सहावारीलाही लुगडंच म्हणायच्या. साडी झकास असायची, रंग डोळ्यांत भरणारा. फक्त प्रत्येक साडीचा ब्लाऊजपीस आधीच कापून घेतलेला असायचा. त्यावरून दोघी जावा चुलीपाशी बसून सासूला नावं ठेवायच्या. देवानं दिलं आणि कर्मानं नेलं, असं दुर्गा म्हणायची. म्हातारी कापलेल्या तुकड्यांची गोधडी शिवत असेल, असं रंजीता म्हणायची. तरी रंजीताला त्या साड्या जिवापाड आवडायच्या. तिला सख्खा भाऊ होता, पण भाऊबीज विसरलेला. वर्षातून एकदा कोणीतरी आपल्या अंगावर कोरं कापड घालतं, एवढं सुख तिला पुरे होतं.

आज तिनं मेंदी रंगाची, लाल काठाची नेसली होती. ही अगदी नवी, मागल्याच जत्रेनंतर मिळालेली. दुर्गानं जांभळी काढली होती.

प्रश्न सासूचा होता. रंजीताचं म्हणणं, अतुलच्या लग्नातली गुलाबी नेसवावी. दुर्गाचं म्हणणं, विधवा बाईला गुलाबी शोभत नाही, लोक काय म्हणतील. विनोदचं म्हणणं, काय नेसायचं ते नेसा पण उरका, मोहफुलं पुन्हा पसरायची आहेत.

"मावशी, जरा लवकर करा," सरफराज आभाळाकडं पाहत म्हणाला. "धूप चढली तं चेहरा काळा येते."

"रंजीता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "माह्या पेटीत पाह्य. तळाले पिसवी हाये, त्यात हाये ते आन."

सासूच्या पेटीला हात लावायची मुभा रंजीताला आजवर कधी मिळाली नव्हती. तळाशी खरंच प्लास्टिकची पिशवी होती, सावलीच्या एका कापड दुकानाची. सावली म्हणजे वैनगंगेच्या पार, चंद्रपूर जिल्ह्यात. तिकडं आपलं कोण आहे, असा विचार करतच तिनं साडी बाहेर काढली. हळदीच्या रंगाची, तांबड्या काठाची, कोरीकरकरीत. पदराच्या टोकाला गाठ होती, आणि गाठीत हळकुंड आणि मूठभर तांदूळ.

अशी गाठ तिनं एकदाच पाहिली होती. तिची माय गेली तेव्हा मामानं आणलेल्या लुगड्याला. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचंच पडलं पाहिजे, नाहीतर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरते, असं या मुलखात मानतात. तिनं घाईघाईनं घडी उलगडून दुसरं टोक पाहिलं. ब्लाऊजपीस कापलेला होता.

मयताच्या लुगड्याला ब्लाऊजपीस ठेवत नाहीत. शिवायला वेळ कोणाला असतो?

तिनं खाली स्वतःच्या अंगावरच्या मेंदी रंगाकडं पाहिलं. ती साडी घेऊन तशीच अंगणात आली.

"आत्याबाई, हे लुगडं कोनाचं हाये?"

"माह्यं."

"ह्याले ब्लाऊजपीस नाई."

"नसतेच ना त्याले," अन्नपूर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "दे इकडं."

"अन् मंग हे?" रंजीतानं आपला पदर चिमटीत धरून पुढं केला. "ह्याले बी नव्हता. दुर्गाच्याले बी नव्हता. एकाले बी नव्हता!"

म्हातारीनं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "ते बी माह्येच होते. त्या त्या साली मी मेली नाई, म्हनून तुमाले भेटले."

मग दुर्गाच्या डोक्यात उजेड पडला. अंगावर साप पडावा तशी ती किंचाळली, जांभळी साडी दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरत घरात पळाली आणि आतून ओरडत राहिली, "मड्याचं लुगडं नेसवलं व माय मले! बारशाले नेसली मी हे! माह्या पोराच्या बारशाले!"

अतुलला हसू आलं की रडू ते त्याचं त्यालाच कळेना. सरफराजनं कॅमेऱ्यावर झाकण ठेवलं आणि तो मोहफुलांकडं पाहू लागला.

"पन हे आनलं कोनं?" अतुलनं विचारलं. "हे तं माहेरचं लागते ना? अन् तुह्या माहेरी कोन हाये माय?"

"झिंगू हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "माह्या भाऊ. दरसाल मार्कंड्याले येते अन् देते."

रंजीताला वाटलं, म्हातारीला चळ लागला. झिंगूमामा मेला होता. सिरोंच्याच्या पार मिरची तोडायला गेला आणि तिकडंच मेला, हे बापूरावांनी लेकरांना सांगितलं होतं, लेकरांनी बायकांना सांगितलं होतं. बापूरावांनी त्याच्या नावानं आंघोळही केली होती.

"तू त्याले भेटत होती?" विनोद गरजला. त्याचं तोंड तांबडंलाल झालं होतं. "बाबानं मले शपथ घातली होती माय! मरता मरता! झिंगूले या आंगनात पाय ठेवू देऊ नोको म्हनून, अन् तू..."

"थांब भाऊ," अतुल म्हणाला. "मेलेल्या मानसाले आंगनात येऊ द्यायचं नाई, अशी शपथ कायची?"



रंजीतानं नवऱ्याकडं पाहिलं. या माणसासोबत तिनं संसार केला होता, त्याच्या पोटातला शब्द नि शब्द आपल्याला ठाऊक आहे असं ती समजून चालली होती. आणि हा उशाशी एक जिवंत माणूस मेला म्हणून ठेवून झोपत होता. तिला सासूपेक्षा नवऱ्याचा धक्का जास्त बसला.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"तुले बी?" अन्नपूर्णाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आत्तापर्यंत सगळ्यांना हादरवणारी म्हातारी आता स्वतः हादरली होती. "विन्या, तुले मालूम होतं तो जित्ता हाये म्हनून? अन् मी इतके साल तोंडाले कुलूप लावून राह्यली! तुह्या बाप खोटा पडन म्हनून! मेलेल्या मानसाले लेकरासमोर कायले खोटं पाडू, म्हनून!"

एकाच छपराखाली माय आणि लेक एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून बसले होते. झाकली मूठ दोघांचीही, आणि मुठीत माल एकच.

मग जे भांडण होतं ते बाहेर आलं. जंगलात तोडलेला एक साग, बापूरावांना फॉरेस्टवाल्यांनी धरून नेलेलं, आणि सुटून आल्यावर त्यांनी मेव्हण्यावर घेतलेला आळ की चुगली यानंच केली. चुगली कोणी केली ते त्या सागालाच ठाऊक. बापूरावांनी झिंगूला याच अंगणातून कुऱ्हाड दाखवून हाकललं. झिंगूही तसाच हट्टी. जाताना म्हणून गेला, आता तुझा लेक येऊन बोलावील तेव्हाच येईन. तो नदीपार सावलीकडं धानाच्या शेतावर राबायला गेला आणि तिथलाच झाला.

"त्याले एकच फिकर," अन्नपूर्णाबाई सांगत होत्या. "बाई मेली तं मले कोनी सांगनार नाई, माह्या हातचं लुगडं तिच्या आंगावर पडनार नाई. म्हनून आगुदरच आनून देते. अन् दरसाल नवं. जुनं नदीत सोड म्हनते. आता इतकं चांगलं लुगडं नदीत सोडू? माह्या सुनाइले काय नेसता येत नाई?"

अतुलला आता हसू आवरेना. विनोदनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो चूप झाला.

"यंदा म्हनला, बाई, पाय चालत नाईत. पुढच्या साली माह्यानं येनं होत नाई." म्हातारीनं सुनेच्या हातातली साडी घेऊन मांडीवर ठेवली. "इतकी लुगडी देल्ली त्यानं मले, अन् एकात बी मले पाह्यलं नाई. मी मरन तवा त्याले कोनी बोलावनार नाई. मले तं तवा दिसनारच नाई, अन् त्याले बी दिसनार नाई. मंग नेसायचं कोनासाटी? म्हनून म्हनलं, आजच नेसतो. फोटो काढतो. दुसरी कापी त्याले धाडतो."

आतून दुर्गाचं रडणं थांबलं होतं. ती साधं पातळ गुंडाळून दारात आली आणि तोंडावर पदर धरून म्हणाली, "नोका नेसू हो आत्याबाई. मयताचं कापड जित्यानं नेसलं तं अपशकुन होते. अन् नेसलं तं ते कोरं बी राह्यत नाई. मंग तुमाले शेवटी काय?"

"शेवटचं शेवटी पाहू," म्हातारी म्हणाली आणि हळदीची साडी घेऊन आत गेली.

ती नेसून बाहेर आली. सुरकुतलेल्या काळ्या अंगावर ती हळद अशी उठून दिसत होती की रंजीताला क्षणभर भीती वाटली आणि लगेच भरून आलं. ही बाई सुंदर आहे, हे तिला या घरात आल्यापासून कोणी सांगितलंच नव्हतं.

सरफराजनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब सरफराजभाऊ," रंजीता म्हणाली. आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. ती विनोदकडं वळली. "गाडी काढा."

"कायले?"

"मामाजीले आनाले."

"रंजीता, तू यात पडू नोको. बाबाची शपथ हाये."

"दुर्गानं लुगडं सोडलं, मी सोडत नाई," रंजीता म्हणाली. "माह्या भावानं मले चिंधी देल्ली नाई. अन् ज्या मानसाचं तोंड मी पाह्यलं नाई, त्याची लुगडी नेसून मी सन केले, लग्नं केले. ते माह्यं कोन लागते, सांगा. तुमच्या बाबानं शपथ तुमाले घातली, मले नाई घातली. मी एकटी जातो. बसनं जातो. पन मामाजीची बी शपथ हाये, लेकानं बोलावलं तरच येईन म्हनून. माह्यानं तेवढं होत नाई."

विनोदनं भिंतीकडं पाहिलं. उघड्या दारातून निळा कोट आणि लाल टाय दिसत होता. ज्यानं शपथ घातली होती तो बंडीतला माणूस त्या कोटात त्याला सापडला की नाही, देव जाणे. मग त्यानं खुंटीवरून मोटरसायकलची किल्ली काढली.

"तू बी चाल माय," अतुल म्हणाला. "माह्या गाडीवर बस."

"मी नाई येत," अन्नपूर्णाबाई खुर्चीवर ताठ बसल्या. "त्याले इथून हाकललं. इथीच आला पाह्यजे. मी बसून राह्यतो."

"मावशी, मंग उजेड..." सरफराज म्हणाला.

"जाऊ दे उजेड. वाघासाटी बसते ना तू? आज माह्यासाटी बस."

विनोद आणि रंजीता दोघंच मोटरसायकलवर वैनगंगेचा पूल ओलांडून गेले. सावलीपासून आत, कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून वाट विचारत ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कडुनिंबाखाली खाटेवर एक म्हातारा अंबाडीची दोरी वळत बसला होता. नाक हुबेहूब अन्नपूर्णाबाईंचं. त्यानं गाडीच्या आवाजानं मान वर केली आणि विनोदला पाहिलं.

विनोद थेट बापावर गेला होता. म्हाताऱ्याच्या हातातली दोरी गळून पडली. त्यानं खाटेची कड घट्ट धरली.

"कवा गेली?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ऊर बडवून रडायला लागला. "बाई व! माह्ये बाई!"

बापूरावांचा लेक दारात आला म्हणजे दुसरी कोणती बातमी असणार? रंजीताच्या हे वाटेत ध्यानातही आलं नव्हतं. ती धावली आणि म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

"मामाजी, नाई गेली! आत्याबाई जित्त्या हायेत! आंगनात खुर्चीवर बसून तुमची वाट पाहून राह्यल्या!"

झिंगूमामाला ते खरं वाटेना. तो आळीपाळीनं दोघांकडं पाहत राहिला. तेव्हा विनोद पुढं झाला, वाकला आणि त्याच्या पायांना हात लावून तसाच राहिला.

"मामा, मी बापूरावाचा विनोद. तुमाले घ्यायले आलो. चाला घरी."

म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. मग त्याची नजर आपल्या दुसऱ्या हातावर पडली. तो रंजीताच्या हातात होता, आणि त्याच्यावर मेंदी रंगाचा पदर आला होता. त्यानं लाल काठ बोटांनी चाचपला.

"हे तं मी बाईले देल्लो होतो," तो दचकून म्हणाला. "मांगच्या सालचं. हे नदीत सोडाले सांगलो होतो."

"नाई सोडलं," रंजीता म्हणाली. "साल उलटलं का आमाले देतात. आतापरेंतची सगळी आमीच नेसलो, मामाजी. मी अन् माह्यी जाऊ."

म्हातारा तिच्याकडं पाहतच राहिला. आता हा चिडणार असं रंजीताला वाटलं. पण त्याचं बोळकं हळूहळू उघडलं आणि गालावरचं पाणी सुकायच्या आधीच तो हसायला लागला. "लहानपनापासून अशीच हाये ते," तो म्हणाला. "काही वाया जाऊ देत नाई."

विनोदनं त्याला फोटोचं सांगितलं. हळदीचं लुगडं आज नेसलं हेही सांगितलं. तेव्हा मात्र झिंगूमामाचं हसू थांबलं.

"नेसलं? आज? म्हंजे ते कोरं नाई राह्यलं."

"नाई," रंजीता म्हणाली.

त्यानं खाटेखालची काठी घेतली, विनोदच्या खांद्यावर भार देत उभा राहिला आणि खुंटीवरचा सदरा मागितला. बटणं लावताना त्याची बोटं घाई करत होती. गाडीवर दोघांच्या मध्ये बसल्यावर तो म्हणाला, "सावलीत दुकानापाशी थांबव बाबू. दुसरं घ्या लागते."

गाडी सुरू झाली. बांध्यांवरून हादरे खात जाताना म्हाताऱ्यानं मान मागं वळवली.

"तुले कोनता रंग आवडते व बाई?" त्यानं रंजीताला विचारलं. "आत्ताच सांग. पुढच्या साली तं तुलेच नेसायचं हाये."